लहान सिरफिड माश्यांची छायाचित्रावरून ओळख

सिरफिडी कुलातील चार ते आठ-नऊ मिलिमीटर लांबीच्या माश्या न पकडता, केवळ छायाचित्रे पाहून ओळखण्याची पद्धत. या कुलात जगभर सुमारे ६,००० जाती आहेत. हवेत एका जागी तरंगत राहणारी ही माशी शेतकऱ्यांना मित्रकीटक म्हणून माहीत आहे, कारण तिच्या अनेक जातींच्या अळ्या मावा फस्त करतात.

पहिला प्रश्न ही सिरफिड आहे की नाही हाच. पिवळ्या-काळ्या रंगामुळे ती लहान मधमाशी किंवा गांधीलमाशी वाटते. पण माशीला पंखांची एकच जोडी असते आणि सिरफिडच्या मिशा बहुधा आखूड असतात. आंब्याच्या बागेतली फळमाशी मात्र खरोखर फसवते. तीही दोनपंखी, तिच्याही वक्षावर पिवळे पट्टे. अशा वेळी पंख पाहावा. सिरफिडच्या पंखात मधोमध, दोन खऱ्या शिरांच्या दरम्यान, कशालाच न जोडलेली घडीसारखी एक रेघ असते. तिला आभासी शीर म्हणतात. काही प्रजातींत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटांत) ती फार फिकट असते. शिवाय पंखाच्या बाहेरच्या कडेला आडव्या शिरा वळून जणू दुसरी किनार तयार करतात. फळमाशीत हे दोन्ही नसते.

लहान सिरफिडांत सर्वांत जास्त घोळ पॅरॅगस प्रजातीचा. चार-सहा मिलिमीटरची, काळी किंवा तांबूस पोटाची, पिवळ्या चेहऱ्याची ही माशी एकदांडीच्या फुलावर किंवा जमिनीलगत गवतात दिसते. तिच्या डोळ्यांवर बारीक केस असतात. एका उपप्रजातीत (प्रजातीतल्या पोटगटात) ते डोळाभर सारखे पसरलेले, दुसरीत उभ्या पट्ट्यांत. वक्षाच्या मागच्या टोकाला अर्धगोल ढाल असते; पॅरॅगस सेरेटस या जातीत (वर्णन फॅब्रिशियस यांचे, १८०५) ढालीच्या कडेला करवतीसारखे दाते दिसतात. पण असे दाते आणखी काही जातींतही असतात, म्हणून केवळ दात्यांवरून जातीचे नाव देणे धाडसाचे. अनेक जातींचा निकाल नराच्या जननांगांवर लागतो, आणि ती छायाचित्रात दिसत नाहीत.

स्फेरोफोरिया प्रजातीचेही तसेच. नराचे पोट लांब, नळीसारखे आणि टोकाला गोल गाठ. नराची प्रजाती लगेच कळते, मादीचीही ओळख बहुधा प्रजातीपर्यंतच थांबते. इस्किओडॉन स्क्युटेलॅरिस ही जात स्फेरोफोरियासारखीच दिसते, पण तिच्या नराच्या मागच्या पायाच्या मुळाशी छोटा काटा असतो. सिरिटा प्रजातीची मागची मांडी फुगीर असते. तिथे एक बाजूचे छायाचित्र पुरते.

नर-मादी ओळखणे सोपे. बहुतेक जातींत नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडतात, मादीचे भिडत नाहीत. रंगावर मात्र फार विसंबू नये. कोशावस्थेत थंडी मिळाली तर काही जातींच्या माश्या गडद निपजतात, आणि फ्लॅशच्या प्रकाशात चेहऱ्यावरची काळी पट्टी धुऊन निघते.

म्हणून एका माशीची निदान चार छायाचित्रे हवीत: वरून, बाजूने, समोरून चेहऱ्याची, आणि पंख उघडे असताना. वरून काढलेले देखणे चित्र अनेकदा निरुपयोगी ठरते. चेहरा, पाय आणि पोटाची बाजू त्यात येतच नाही. आकार चित्रात मोजता येत नाही, तेव्हा माशी बसलेल्या फुलाचे नाव टिपावे. एकदांडीचे फूल सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे असते, त्यावरून अंदाज बांधता येतो.

भारतीय सिरफिडांसाठी एन्रिको ब्रुनेट्टी यांनी १९२३ साली लिहिलेला ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेतला खंड हा जुना आधार आहे. त्यातली वर्णने टाचणीला टोचलेले नमुने समोर ठेवून लिहिलेली आहेत, त्यामुळे तिथे विचारलेले बारकावे अंगणात काढलेल्या फोटोत सापडतीलच असे नाही. पॅरॅगसच्या मादीपुढे फक्त ‘पॅरॅगस, जाती अनिश्चित’ एवढे लिहून थांबणारा निरीक्षक बहुधा अचूक असतो.