ओकलंडचं ब्लॅक नेतृत्व आलं कुठून?

पँथर म्हटलं की आपल्याला दलित पँथर, नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि १९७२ ची मुंबई आठवते. ते नाव आलं कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधून, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण तिथली गोष्ट ब्लॅक पँथरच्याही चाळीसेक वर्षं आधी सुरू होते, आणि तीही चक्क रेल्वेत.

वेस्ट ओकलंड म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांचं शेवटचं ठिकाण. पुलमन कंपनीच्या स्लीपर डब्यांत पोर्टर म्हणून काळी माणसं ठेवायचे, अंथरुणं घालायची, बूट पॉलिश करायचे, आणि गोरे प्रवासी सगळ्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारायचे, का तर मालकाचं नाव जॉर्ज पुलमन! १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फनी या पोर्टरांची युनियन काढली, ओकलंडमध्ये ती सी. एल. डेलम्सनी बांधली, त्यात त्यांची स्वतःची नोकरी गेली तरी. कंपनीने करारावर सही केली ती १९३७ मध्ये. बारा वर्षं! मीटिंग घेणं, वर्गणी गोळा करणं, साहेबासमोर बसून हक्काने बोलणं हे सगळं शिक्षण इथे झालं.

मग महायुद्ध आलं. शेजारच्या रिचमंडला हेन्री कैसर या उद्योगपतीच्या जहाज कारखान्यांत माणसं हवी होती म्हणून टेक्सास, लुइझियानातून लोंढे आले. १९४० ला ओकलंडमध्ये काळे लोक साडेआठ हजारांच्या आसपास, १९५० ला ४७ हजारांच्या पुढे. युद्ध संपलं तसं काम पण संपलं. वर 'विकास' आला, म्हणजे वस्ती चिरत जाणारा सायप्रस फ्रीवे, मग सेव्हन्थ स्ट्रीटच्या डोक्यावरून बार्टची (म्हणजे तिथली लोकल) रेल्वे, आणि टपाल केंद्रासाठी घरांवर बुलडोझर. (फ्रीवे १९८९ च्या भूकंपात कोसळला, तेव्हा लोकांनी भांडून तो वस्तीबाहेरून वळवायला लावला.)

ह्युई न्यूटन आणि बॉबी सील याच लोंढ्यातल्या घरांतली पोरं. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला, त्याचा दहा कलमी कार्यक्रम लिहिला तो गरिबी निर्मूलनाच्या सरकारी केंद्रात बसून, सीलची तिथे नोकरी होती. बंदूकवाले फोटो सगळ्यांच्या लक्षात राहतात पण मला विचाराल तर खरी शाळा म्हणजे जानेवारी १९६९ ला सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये सुरू झालेला पोरांचा मोफत नाश्ता, कारण पहाटे उठून रांधायचं, दुकानदारांकडून सामान मिळवायचं, आयांना सोबत घ्यायचं, हे ज्याला जमलं त्याला वॉर्ड सांभाळणं काय अवघड? पक्षात पुढे मारहाण आणि एकाची हुकूमशाहीही झाली, ते झाकून चालणार नाही.

१९७३ मध्ये सील महापौरपदाला उभे राहिले, दुसऱ्या फेरीत गेले आणि हरले, तरी ४० हजारांवर मतं. त्या प्रचारात मिल्स कॉलेजची एक विद्यार्थिनी राबत होती, बार्बरा ली. १९७७ ला पँथरच्या मदतीने लायोनेल विल्सन हे न्यायाधीश पहिले काळे महापौर झाले.

पण खुर्ची मिळाली तोवर कारखाने निघून चालले होते. १९८० ला शहरात जवळपास निम्मे लोक काळे, २०२० पर्यंत साधारण पाचात एक, कारण घरभाडंच परवडेना. म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीने हॉटेलात बसायचा हक्क मिळाला आणि हॉटेलच्या गल्लीत राहायला जागा नाही! नोव्हेंबर २०१९ मध्ये काही बेघर लेकुरवाळ्या आया वेस्ट ओकलंडमधल्या एका रिकाम्या घरात घुसून राहिल्या, जानेवारीत पोलिसांनी बाहेर काढलं, पण शेवटी ते घर एका लँड ट्रस्टकडे (म्हणजे जमीन लोकांसाठी राखून ठेवणाऱ्या संस्थेकडे) आलं. त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या कॅरल फाइफ २०२० मध्ये त्याच भागातून सिटी कौन्सिलवर निवडून आल्या.

आणि बार्बरा ली? त्या सी. एल. डेलम्सचे पुतणे, खासदार रॉन डेलम्स यांच्या ऑफिसात काम करून १९९८ मध्ये त्यांच्याच जागी काँग्रेसमध्ये गेल्या, आणि २०२५ मध्ये, सील हरले त्याच्या ५२ वर्षांनी, ओकलंडच्या महापौर झाल्या.