मुंबईच्या तबेल्यात लसूणघास उशिरा का पोहोचला

लसूणघास हे जनावरांच्या चाऱ्याचे पीक, त्याचा लसणाशी काही संबंध नाही. इंग्रजांच्या तोंडच्या ‘ल्युसर्न’ला मराठी जिभेने आपल्या ओळखीचे वळण दिले असावे, नगर-पुण्याकडे तर नुसते ‘घास’ म्हटले तरी हेच पीक समजले जाते. त्याचे जुने इराणी नाव मात्र थेट घोड्याकडे बोट दाखवते, कारण त्यातला ‘अस्प’ म्हणजे आपला अश्व. त्याच नावावरून अरबीत ‘फसफसा’ आणि पुढे स्पॅनिशमध्ये ‘अल्फाल्फा’ हा शब्द रुळला. पर्शियन युद्धांच्या काळात हा चारा प्राचीन इराणातल्या मीड लोकांकडून ग्रीसमध्ये आला, असे रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवले आहे. चीनमध्येही तो मध्य आशियाई घोड्यांच्याच पाठोपाठ गेला. पश्चिम भारतात पुण्या-खडकीच्या छावण्यांभोवतीच्या बागायतीत तो वाढला, तोही मुख्यतः घोड्यांसाठीच.

मग ज्या मुंबईत घोडे मोप होते, तिथे हा घास का पिकला नाही? ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा कंपनीच्या पागेत सुमारे ९०० घोडे होते, आणि १९०५ मध्ये ती बंद होताना त्यांची संख्या १,३६० झाली होती. व्हिक्टोरिया म्हणजे भाड्याच्या घोडागाड्यांचे आणि शर्यतींचे घोडे यांत धरलेले नाहीत. अडचण होती ती बेटाच्या मातीची आणि हवेची. लसूणघासाला निचऱ्याची जमीन लागते, मुळाशी पाणी साचले की पीक कुजते, आणि कोकणात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो.

पिकवण्यापेक्षाही वाळवण्याची गोष्ट अवघड आहे. ताज्या घासात पंचाहत्तर ते ऐंशी टक्के पाणी असते. साठवण्यापूर्वी ते पंधरा टक्क्यांच्या आसपास आणावे लागते. पीक साधारण दहा टक्के फुलोऱ्यावर आले की कापणी करतात, कारण त्यानंतर देठ निबर होऊन प्रथिने घटत जातात. खरे पोषण पानांत असते आणि पाने देठाच्या आधी वाळतात. भर उन्हात घास उलथला की ती चुरा होऊन मातीत जातात आणि हाती नुसत्या काड्या उरतात. म्हणून जाणता शेतकरी सकाळी, दव पुरते उडायच्या आत, घास परततो. उलट ओलसर गठ्ठे रचले, तर बुरशी धरते, आतून उष्णता वाढत जाते आणि कधी कधी गंजी आपोआप पेटते. समुद्राकाठच्या दमट हवेत हा मधला मार्ग सापडणे कठीण, त्यामुळे मुंबईपुरता सुका घास हा घाटावरचाच माल राहिला.

शहरातल्या घोड्यांची आणि दुभत्या जनावरांची भूक भागवली ती साध्या गवताने. आधी ते बेटावरच मिळे. १८२२ मध्ये सरकारने कॅम्प मैदानावर चराईसाठी शुल्क बसवले; ते न परवडणाऱ्या गुराख्यांसाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ मध्ये २०,००० रुपयांना ठाकुरद्वाराजवळ समुद्राकाठी जमीन घेऊन दिली, आणि ‘चर्नी रोड’ हे नाव त्या चरणीवरून पडले, असे सांगतात. (ठाण्याच्या चेंदणीवरून ते आले, असेही एक मत आहे, मला चरणीच पटते.) शहर वाढले तशी कुरणे गेली आणि गवत बाहेरून येऊ लागले: तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या डहाणू-उंबरगाव पट्ट्यातून, त्याच्याही पलीकडे आजच्या गुजरातेतल्या पारडीकडून, दाबून गठ्ठे बांधून, रेल्वेने.

हे गवत स्वस्त का होते, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गवताच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या, आणि कापणारे वारली वेठीला जुंपलेले. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने जी मागणी पुढे केली, ती नेमकी याच कामाची होती: ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी. त्या वर्षी ऐन कापणीच्या हंगामात, १० ऑक्टोबरला, तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. आठ वर्षांनी, १९५३ मध्ये, पारडीला ईश्वरभाई देसाई यांनी सत्याग्रह उभा केला, तेव्हा भूमिहीन आदिवासींचे म्हणणे एवढेच होते की, मुंबईच्या जनावरांसाठी गवत राखलेल्या जमिनीत आम्हांला धान्य पिकवू द्या. मुंबईच्या दुधाच्या इतिहासात या दोन्ही घटना क्वचितच सांगितल्या जातात. मला तर त्या तिथल्याच वाटतात.

शहरातले म्हशींचे तबेले बाहेर हलवण्यासाठी मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्धवसाहत सुरू झाली. तिथेही लसूणघासाला जागा मिळाली नाही. गोठ्यांच्या शेणमिश्रित सांडपाण्यावर जोमाने वाढणारे पॅरा गवत कोकणच्या दलदलीला मानवणारे होते आणि त्याचीच लागवड झाली. म्हशीला हिरवे पॅरा, सोबत भाताचा पेंढा आणि पेंड, ही जोडी बसून गेली.

घाटावर मात्र दूध-व्यवसायाबरोबर घास घोड्याकडून गाई-म्हशींकडे आला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘आरएल-८८’ हा बहुवार्षिक वाण बागायतदारांच्या ओळखीचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणी केली की पन्नास-साठ दिवसांत पहिली कापणी मिळते, पुढच्या दर महिन्याला. कोवळा, ओला घास एकट्याने भरपूर घातला, तर जनावराला पोटफुगी होते, म्हणून तो कडब्याच्या कुट्टीत मिसळून देतात; सुक्या घासात ही भीती बरीच कमी.

व्हिक्टोरिया २०१५ मधल्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर रस्त्यावरून गेल्या. महालक्ष्मीला घोडे धावतात ते अजून. घोड्याला बुरशी लागलेला घास चालत नाही, त्याने खोकला आणि पोटदुखी लागते. त्यामुळे मुंबईत सुका घास ठेवायचा, तर फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचावा लागतो, आणि जून ते सप्टेंबर गठ्ठ्यात हात खुपसून आतली ऊब तपासत राहावी लागते.