शाईपेन आणि बॉलपेन

शाईपेन (फाउंटन पेन) आणि बॉलपेन यांच्यातला मूळ फरक शाईचा आहे. शाईपेनातली शाई पाण्यासारखी पातळ असते, बॉलपेनातली तेलकट आणि दाट. हाताला पडणारा ताण, चालणारा कागद, पावसात अक्षरांचे होणारे हाल हे सगळे या एका दाटपणावर ठरते.

शाईपेनाच्या निबला मधोमध बारीक चीर असते आणि निबखाली खाचा पाडलेली ‘जीभ’. केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जात असल्यामुळे, शाई या खाचांतून टोकाशी येऊन थांबते आणि कागद लागताच उतरते. जितकी शाई उतरली तितकी हवा उलट वाटेने टाकीत शिरते. ही देवाणघेवाण सुरळीत चालली की पेन नुसते कागदावर टेकवून सरकवायचे, दाबायचे नाही. लुईस वॉटरमन यांना अमेरिकेत १८८४ मध्ये अशा पेनाचे पेटंट मिळाले. महाराष्ट्रात शाईचे नाव निघाले की दिगंबर परशुराम दांडेकर आठवतात. १९३१ मध्ये त्यांनी मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या तयार करायला सुरुवात केली. पुढे याच उद्योगाचे ‘कॅमलिन’ झाले.

बॉलपेनाच्या टोकाला साधारण ०.७ ते १ मिलिमीटर व्यासाची गोळी असते, बहुधा टंगस्टन कार्बाइडची. ती फिरताना रिफिलमधली शाई अंगाला लावून घेते आणि कागदावर सोडते. ही कल्पना जॉन लाउड यांच्या १८८८ च्या पेटंटात होतीच, पण त्यांचे पेन चामड्यासारख्या खरखरीत पृष्ठभागावर खुणा करण्यासाठी होते. कागदासाठी योग्य शाई सापडायला अर्धे शतक गेले. हंगेरीचे पत्रकार लास्लो बिरो यांनी रसायनांची जाण असलेल्या आपल्या भावाच्या मदतीने ती साधली आणि १९३८ मध्ये पेटंट घेतले. १९५० मध्ये मार्सेल बिश यांच्या स्वस्त पेनाने बॉलपेन घरोघर पोचवले.

ठाणे शहरात दोन्ही पेनांची कसोटी लागते. जांभळी नाक्याच्या बाजारात बिलबुकावर लिहिणाऱ्या दुकानदाराला बॉलपेनच हवे. वरच्या पानाखाली कार्बन असतो, आणि दाब दिल्याशिवाय दुसऱ्या प्रतीवर आकडा उमटत नाही. शाईपेनाने तसा दाब दिला तर निबची दोन्ही पाती फाकतात आणि पेन कायमचे बिघडू शकते. लोकलच्या गर्दीतही शाईपेन जपावे लागते. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई अर्ध्यावर आली की उरलेल्या जागेत हवा असते. छातीच्या खिशात अंगाच्या उबेने ती फुगते, शाई पुढे ढकलते आणि टोपणात थेंब साचतो. अशा प्रवासाला निघताना टाकी काठोकाठ भरावी आणि निब वरच्या बाजूला ठेवावी.

जुलैच्या दमट हवेत हलक्या वहीचा कागद मऊ पडतो. त्यावर पातळ शाई धाग्याधाग्यांतून पसरते, अक्षराला मिशा फुटतात आणि मागच्या पानावर डाग उमटतात. शाईपेनाच्या बहुतेक शाया पाण्यात विरघळतात, त्यामुळे छत्रीवरून ओघळलेला एक थेंबही पत्ता पुसून टाकायला पुरतो. बॉलपेनाची शाई त्या मानाने पुष्कळ टिकते. तेव्हा पावसाळ्यात फॉर्म, पावती किंवा पार्सलवरचा पत्ता बॉलपेनानेच लिहावा.

सलग पाने लिहायची असतील तर मात्र शाईपेनाला तोड नाही. बॉलपेन दाबून दाबून अंगठा आणि मधले बोट भरून येते. शाईपेनात हात मोकळा राहतो. वेलांटी आणि उकार सैल, वळणदार येतात. रफार काढताना मनगट वळते, ते तिथेच अडत नाही. अक्षर सुधारू पाहणाऱ्या मुलाच्या हाती निदान घरच्या लिखाणासाठी तरी शाईपेन द्यावे.

पेन बरेच दिवस पडून राहणार असेल तर शाई काढून टाकावी. निब आणि जीभ साध्या पाण्यात बुडवून ठेवावी आणि पाणी निळे व्हायचे थांबेपर्यंत बदलत राहावे. गरम पाणी नको, त्याने प्लॅस्टिकची जीभ वाकते. मग सुती फडक्यावर निब खाली करून वाळत ठेवावे. उन्हाळ्यात रात्रभरात काम होते, श्रावणात दोन दिवस द्यावेत.