सीटची भेग: धडकेची की ताणाची?

मागच्या पावसाळ्यात भाचीच्या रेसिंग गो-कार्टची फायबरची सीट मी दोनदा सांधली आणि दोन्ही वेळा ती पुन्हा तडकली. पहिल्यांदा मी दमट हवेला दोष दिला. पुण्यात जुलैत रेझिन (काचेचे धागे एकत्र धरणारा, सुकून कडक होणारा द्रव) नीट धरत नाही, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्यांदा काचेच्या धाग्यांच्या मॅटचे दोन थर जास्तीचे चढवले. मग कोल्हापूरच्या ट्रॅकवर सरावाला गेलो. तिथे भाची पिटमध्ये आली आणि हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, "मामा, सीट परत हलतीये." सीट उतरवून पाहिली. माझा सांधा जसाच्या तसा होता. नवी भेग त्याच्या शेजारून, जाड पॅच जिथे संपत होता तिथून गेली होती. म्हणजे काम पक्कं होतं, पण निदान चुकलं होतं.

कार्टच्या फायबरच्या सीटला दोन तऱ्हांच्या भेगा पडतात. एक धडकेची आणि दुसरी ताणाची. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात: रंगावर काळी रेघ, दाबलं की किंचित उघडणारी. पण पहिलीचं कारण घडून गेलेलं असतं. दुसरीचं कारण अजून चालूच असतं, कार्ट शेडमध्ये झाकून ठेवली असली तरीही. धडकेची भेग सांधली की काम झालं. ताणाची भेग सांधली आणि बोल्ट पुन्हा तसेच आवळले, तर सीट दुसरी जागा शोधून तडकते.

हे का होतं ते कळायला आधी सीटचं काम काय ते पाहावं लागेल. रेसिंग कार्टला सस्पेन्शन नसतं आणि मागच्या अखंड अॅक्सलला डिफरन्शियलही (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतं. वळणात आतलं मागचं चाक थोडं उचललं गेलं नाही तर कार्ट वळायलाच तयार होत नाही. ते उचलण्याचं काम पुढच्या चाकांचा कोन आणि चौकटीची लवचीकता मिळून करतात. म्हणजे चौकट हीच इथे स्प्रिंग असते, आणि त्या स्प्रिंगच्या मधोमध चार बोल्टांवर सीट बसवलेली असते. दोन बोल्ट वर, अॅक्सलच्या बेअरिंगजवळून उठणाऱ्या स्टेंवर, म्हणजे आधाराच्या दांड्यांवर. दोन खाली, चौकटीच्या नळ्यांना वेल्ड केलेल्या पट्ट्यांवर. कार्टमधलं सगळ्यात मोठं वजन म्हणजे चालवणारा, आणि कार्टिंगमध्ये सीटबेल्ट नसल्यामुळे त्याचं सगळं वजन सीटमधूनच चौकटीत जातं. 60 किलोची व्यक्ती 2 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट जोराच्या) वळणात असेल तर सीटच्या एका बाजूवर 120 किलोंचा भार येतो, आणि तो फेरीत कितीतरी वेळा बाजू बदलतो. म्हणूनच सीटला नुसती बसायची जागा समजून केलेली दुरुस्ती टिकत नाही.

आता ओळख. पहिला प्रश्न एकच विचारायचा: भेग सुरू कुठे होते?

धडकेची भेग मार बसला तिथून निघते. कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) उडी बसली तर सीटच्या तळाला, दुसऱ्या कार्टचं चाक घुसलं तर बरगड्यांच्या बाजूला, बॅरियरला मागून लागलं तर पाठीला. मध्ये एक ठेचलेला ठिपका असतो, तिथला जेलकोट (सीटचा वरचा चकचकीत थर) उडालेला असतो आणि रेघा त्याच्यापासून चांदणीसारख्या बाहेर पसरतात. मागून टॉर्च धरून पाहिलं, तर फिक्या रंगाच्या सीटमध्ये जिथे थर सुटलेत तिथे पांढरट डाग दिसतो. आणि हिला तारीख असते. चालवणाऱ्याला आठवतं की अमुक वळणावर लागलं होतं.

ताणाची भेग जवळजवळ नेहमी बोल्टच्या भोकातून किंवा वॉशरच्या कडेवरून निघते. वॉशरच्या बाहेर चंद्रकोरीसारखी वळलेली रेघ दिसली तर फार विचार करू नका, ती ताणाचीच. भोक गोल न राहता लांबट झालेलं असतं. बोल्टभोवती काळपट पूड साचते, कारण धातू आणि फायबर एकमेकांवर घासत असतात. हिला तारीख नसते. "कधी झालं?" विचारलं तर उत्तर येतं, "काय माहीत, परवा धुताना दिसली."

आणखी एक परीक्षा आहे आणि तिला काहीही खर्च येत नाही. भेगेवर मार्करने दोन्ही बाजूंना जाईल अशी आडवी रेघ ओढा, मग सीटचे चारही बोल्ट सैल करून काढा. बोल्ट काढताच भेगेची फट मिटली, किंवा आडव्या रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले, तर सीट वाकवून बसवलेली होती. धडकेच्या भेगेला बोल्ट काढल्याने काही फरक पडत नाही. कोल्हापूरला मी हे केलं तेव्हा सीटची वरची डावी बाजू स्टेपासून चांगली बोटभर बाहेर उडाली. इतके महिने ती तिथे जबरदस्तीने धरलेली होती.

थर सुटलेत का ते नाण्याने ठोकून कळतं. निरोगी जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. नुसत्या जेलकोटच्या केसासारख्या रेघा असतील, आवाज चांगला असेल आणि दाबून काही हलत नसेल, तर ती भेग वरच्या कातडीची आहे. तिच्यावर नजर ठेवायची, ग्राइंडर चालवायचा नाही.

धडकेच्या भेगेची दुरुस्ती तुलनेने सरळ आहे. पण इथेही लोक एक मोठी चूक करतात: डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारून घेतात. लांबीत काचेचे लांब धागे नसतात. ती खड्डा भरते, भार वाहत नाही. दोन शर्यतींत ती खपलीसारखी निघते. सांधा म्हणजे तुटलेल्या धाग्यांच्या जागी नवे धागे.

आधी भेगेच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं ड्रिल मारायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग सीटच्या बाहेरच्या बाजूने भेगेच्या दोन्ही अंगांना उतार घासायचा. जाडीच्या बारापट रुंद उतार हा जुना नियम आहे. सीट 4 मिमी जाड असेल तर प्रत्येक बाजूला जवळजवळ 5 सेंमी. हे आकडे ऐकून लोक दचकतात, एवढी चांगली जागा का घासायची म्हणतात. पण नवा थर जुन्या थराला जेवढ्या क्षेत्रावर चिकटेल तेवढाच तो धरणार. चकचकीत जेलकोट पूर्ण निघून खरखरीत फायबर दिसेपर्यंत 60 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, अॅसिटोनने पुसायचं आणि मग हात लावायचा नाही. काचेची धूळ फुप्फुसात जाते, त्यामुळे चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. हे मी कितीही वेळा सांगेन.

साहित्याचं पुण्यात अडत नाही. गणपतीच्या देखाव्यांसाठी फायबरच्या मूर्ती करणारे कारागीर वर्षभर हेच वापरतात: जीपी (साधं पॉलिएस्टर) रेझिन, हार्डनर, कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालायचं द्रव्य) आणि चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई). त्यांच्यापैकी एखाद्याच्या शेजारी तासभर उभं राहिलात तर मॅट कशी भिजवायची आणि ब्रशने टिपून हवेचे बुडबुडे कसे काढायचे हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा नीट कळेल. 450 ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण 1 मिमी जाड होतो, म्हणजे 4 मिमीच्या सीटला चार थर. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा, म्हणजे उतार भरत जातो आणि पॅचची कडा पातळ राहते. जाड ठोकळ्यासारखा पॅच केला की ताण त्याच्या कडेवर गोळा होतो. माझ्या जास्तीच्या दोन थरांनी नेमकं हेच केलं होतं.

एक सूचना जिवाची आहे. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर घालायचा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. एकच चमचा दोन्ही बाटल्यांत घालायचा नाही. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के. एप्रिलच्या उन्हात 1 टक्काही झपाट्याने धरतो. डिसेंबरच्या सकाळी तेवढाच हार्डनर घातला तर वाट पाहावी लागते. पावसाळ्यात मॅट ओली नसणं महत्त्वाचं. मी ती आता दिव्याखाली सुकवून घेतो. आणि एपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनचा मोह झाला तर मॅट नको, विणलेलं काचेचं कापड घ्या. चॉप्ड मॅटचे धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही.

(भाड्याने कार्ट चालवायला मिळतात तिथल्या बऱ्याच सीट प्लॅस्टिकच्या असतात. पॉलिथिलीनला रेझिन चिकटत नाही. ती सीट तडकली तर बदलायचीच.)

ताणाच्या भेगेचं काम मात्र रेझिनच्या डब्यापासून सुरू होत नाही. ते पान्यापासून सुरू होतं.

8 मिमीचा बोल्ट हातपान्याने आवळला तरी शेकडो किलोंच्या जोराने ओढतो. सीट आणि स्टे यांच्यामध्ये 5 मिमीचा गॅप असला तर बोल्ट तो बिनबोभाट मिटवतो. हाताला काही कळतसुद्धा नाही. गॅप मिटला म्हणजे सीट वाकली किंवा चौकट वाकली, बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं. मग शर्यतीचा भार त्या आधीच्या ताणावर चढतो. भोक ही सीटची सगळ्यात दुबळी जागा, ती आधी तुटते.

म्हणून सीट उतरवण्याआधी मापं लिहून ठेवायची: अॅक्सलपासून पाठीच्या वरच्या कडेपर्यंत, पुढच्या नळीपासून सीटच्या पुढच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंच्या नळ्यांपासूनचं अंतर. इंजिन उजवीकडे असल्यामुळे सीट मधोमध नसते, थोडी डावीकडे असते. ती "सरळ" करायला जाऊ नका. मग कार्ट सपाट स्टँडवर ठेवून, सीटखाली प्लायवूडचे तुकडे देऊन तिला तिच्या जागी नुसती टेकवायची. तळ नळ्यांच्या खाली जाता कामा नये, नाहीतर पहिल्या कर्बलाच धडकेची भेग मिळेल. आता चारही जागी पाहा. पट्टी सीटच्या अंगाला सपाट टेकते का? कोनात असेल तर पट्टी मोठ्या पान्याने वाकवायची. उरलेल्या फटीत नायलॉनचं पॅकिंग घालायचं. सीटने पट्टीकडे जायचं नाही, पट्टीने सीटकडे यायचं.

वॉशरच्या बाबतीत कंजुषी नको. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या कार्टिंग नियमांत वरच्या जोडांना धातूची किंवा नायलॉनची किमान 1.5 मिमी जाडीची आणि किमान 40 मिमी व्यासाची चकती सांगितली आहे. पुण्यातल्या बोहरी आळीत अशा चकत्या सहज मिळतात आणि त्यांची किंमत सीटच्या किमतीपुढे काहीच नाही. जुनं भोक लांबट झालं असेल तर मोठ्या वॉशरखाली ते लपवू नका. दोन्ही बाजूंनी उतार घासून मॅटने बंद करा, एक दिवस धरू द्या आणि मग नवं भोक पाडा. वजन वाढवायला सीटला शिसं लावलं असेल तर त्याचे बोल्टही तपासा. नियमानुसार किमान दोन बोल्ट, 6 मिमीपेक्षा बारीक नाहीत. पाठीवरचं सैल शिसं प्रत्येक धक्क्याला हातोडीसारखं काम करतं.

बसवून झालं की दोन परीक्षा. पहिली: चारपैकी कुठलाही एक बोल्ट काढा आणि बोटांनी परत घाला. अडखळत असेल, ठोकावा लागत असेल, तर तिथे अजून ताण आहे. दुसरी मला जास्त आवडते. चेन काढा, बोल्ट सैल असताना मागचा अॅक्सल हाताने फिरवून तो किती वेळ फिरतो ते बघा. मग बोल्ट आवळून पुन्हा फिरवा. लवकर थांबला तर सीट स्टेंना ओढतेय आणि स्टे बेअरिंगना. तो अॅक्सल सरळावर तुमचा वेग खातोय आणि इंजिनला उगाच बोल लागतोय.

काही जण तडकलेल्या सीटला आधार म्हणून जादा स्टे लावतात. जादा स्टे हे सेटिंगचं साधन आहे, मागचा भाग ताठ करून पकड बदलण्यासाठी. दुखणाऱ्या पायाला कुबडी तशी ती वापरली की भेग तर राहतेच, वर कार्टचं वागणंही बदलतं.

कधीकधी दोन्ही भेगा एकाच सीटवर असतात, आणि बऱ्याचदा त्यांचं नातंही असतं: धडकेत पट्टी वाकते, कोणाच्या लक्षात येत नाही, तीन महिन्यांनी त्याच भोकातून ताणाची भेग निघते. तेव्हा आधी पट्टी, मग भोक, शेवटी धडकेची जखम, असा क्रम ठेवायचा. भेग एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत गेली असेल किंवा बरगड्यांच्या बाजूची कडा फाटली असेल तर मी सीट सांधत नाही. कार्टिंगमध्ये बरगड्यांची दुखापत नेहमीची आहे आणि फाटलेली कडा नेमकी तिथेच टेकते.

भाचीची सीट आता तिसऱ्यांदा बसवली आहे. डावा स्टे वाकवून सीटला मिळवला, जुनं भोक बंद केलं, पॅचची कडा घासून पातळ केली. उजव्या वॉशरजवळ जेलकोटची एक छोटी चंद्रकोर आहे, ती मुद्दाम तशीच ठेवली. तिच्या टोकाशी भाचीने मार्करने रेघ मारून तारीख लिहिली आहे, आणि प्रत्येक सरावानंतर हातमोजे काढले की ती आधी तिकडे बघते. परवा सात सरावांनंतरही भेग पहिल्याच रेघेच्या अलीकडे होती.