यकृताची धमनी ‘वेगळी’ निघाली, म्हणजे यकृत कमजोर?

‘यकृताची धमनी नेहमीच्या जागेवरून निघत नसेल, तर यकृत जन्मतःच कमजोर असतं’ हा समज बरीच वर्षं फिरतो आहे. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘व्हेरिएंट’ (नेहमीपेक्षा वेगळी रचना) किंवा ‘रिप्लेस्ड’ (दुसऱ्याच धमनीतून निघालेली) वाचून धस्स होणं साहजिकच आहे. पण तो आजार नाही.

गर्भात यकृताला साधारण तीन धमन्यांतून रक्त मिळतं. पुढे बहुतेकांत मधली उरते, बाकीच्या दोन विरून जातात. त्यातली एखादी टिकली, की उजवी धमनी आतड्याच्या मोठ्या धमनीतून किंवा डावी जठराच्या धमनीतून आलेली दिसते. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या २०० मृतदेहांच्या विच्छेदनात पुस्तकी रचना जेमतेम ५५ टक्के लोकांत सापडली; १९९४ च्या १००० यकृतदात्यांच्या पाहणीत सुमारे ७६ टक्क्यांत. म्हणजे ‘वेगळे’ लोक काही थोडेथोडके नाहीत!

फाटा कुठलाही असो, रक्त महाधमनीचंच. शिवाय यकृताकडे जाणारं सुमारे तीन चतुर्थांश रक्त धमनीतून नव्हे, पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतून येतं.

पडताळायचं असेल तर रिपोर्टातला ‘इम्प्रेशन’ (निष्कर्ष) हा भाग वाचा. यकृताचा आकार, चरबी, गाठ यांबद्दल तिथे काय लिहिलंय? सोबत बिलिरुबिन, एसजीपीटी, अल्ब्युमिन या यकृताच्या रक्ततपासण्या पाहा आणि डॉक्टरांना विचारा. यकृताची तब्येत यावरून ठरते, धमनीच्या वाटेवरून नाही.

ही नोंद खरी कामाची ठरते ती शस्त्रक्रियेत. आतड्याच्या धमनीतून आलेली उजवी धमनी बहुधा स्वादुपिंडाच्या मागून जाते आणि सर्जनला ते आधी ठाऊक नसेल तर तिला इजा होऊ शकते. स्वादुपिंडाचं, पित्ताशयाचं ऑपरेशन किंवा यकृत प्रत्यारोपण ठरलं, तर जुना रिपोर्ट आठवणीने दाखवा.