अतिरक्तस्राव म्हणजे पिशवी काढणेच नव्हे

पाळीत अंगावरून फार जात असेल तर पिशवी काढण्यावाचून गत्यंतर नाही, हा समज वर्षानुवर्षे चालत आला असला तरी तो खरा नाही. गोळ्यांनी किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाने अनेकींचा रक्तस्राव आटोक्यात येतो. पुढे मूल नको असलेल्या स्त्रीसाठी एंडोमेट्रियल अ‍ॅब्लेशनही आहे: पोटावर छेद न देता योनीमार्गे गर्भाशयात मऊ फुगा सरकवतात, त्यात गरम द्रव भरून काही मिनिटांत केवळ आतले अस्तर नष्ट करतात, आणि बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. त्याआधी अस्तराचा तुकडा तपासून कर्करोग नसल्याची खात्री मात्र करून घ्यावीच. हे संततिनियमन नव्हे. नंतर गर्भ राहिल्यास जिवाला धोका संभवतो, म्हणून रजोनिवृत्तीपर्यंत गर्भनिरोधक आवश्यकच असते.