वासावर जाऊ नका

लंडनच्या बरो मार्केटमध्ये भटकताना 'नील्स यार्ड डेअरी'चं दुकान डोळ्यांच्या आधी नाकाला सापडतं. १९७९ साली कोव्हेंट गार्डनमध्ये सुरू झालेल्या या मंडळींनी ब्रिटन-आयर्लंडमधल्या छोट्या उत्पादकांचं चीज विकायचं ठरवलं आणि ते काम आजही चालू आहे. आत हवा थंड, दमट. कापडात गुंडाळलेल्या चेडरचे जाडजूड गोल ठोकळे उघड्यावरच रचलेले. काही मागितलं की विक्रेता आधी पातळसा काप चाखायला देतो. हा नुसता पाहुणचार नव्हे. एकाच गोठ्यातल्या दुधाचं, एकाच हातचं चीज या महिन्यात एक लागतं आणि पुढच्या महिन्यात दुसरंच, कारण ते अजून तयार होतच असतं.

सुरुवात रेनेटपासून, म्हणजे दूध घट्ट बसवणाऱ्या पदार्थापासून होते. दुधातलं केसीन हे प्रथिन सूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असतं. कणांच्या बाहेरच्या बाजूला असलेलं कॅपा-केसीन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. रेनेटमधलं कायमोसिन हे एन्झाइम नेमकं हेच प्रथिन एका ठरावीक जागी कापतं. मग कण एकमेकांना धरतात आणि दूध घट्ट बसतं. आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो तेव्हा काम आम्लाचं असतं. आम्लाने केसीनमधलं कॅल्शियम निघून जातं, त्यामुळे पनीर कितीही तळा, वितळत नाही. चेडरमध्ये ते बऱ्यापैकी टिकून राहतं, म्हणून टोस्टवर त्याची तार निघते. हे घट्ट बसलेलं दूध कापून, पाणी निथळून, मीठ घालून दाबलं की दहाएक लिटर दुधाचं किलोभर चेडर हाती येतं.

पुढचं काम सूक्ष्मजीवांचं. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारात थांबवायचं, यावर चव ठरते.

'स्टिंकिंग बिशप'चंच बघा. ग्लॉस्टरशरमधलं हे मऊ चीज नाशपातीच्या दारूने पुन्हापुन्हा धुतात. साल ओली आणि खारट राहिली की तिच्यावर ब्रेव्हिबॅक्टेरियम जातीचे जिवाणू सुखाने नांदतात आणि प्रथिनातल्या मेथिओनिनपासून मिथेनथायॉल हा गंधकयुक्त वायू तयार करतात. याच जिवाणूंचे भाऊबंद आपल्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत राहतात. त्यामुळे 'मोज्यांचा वास येतो' ही तक्रार शास्त्राला धरूनच आहे! डासांनाही हा फरक कळत नाही. माणसाच्या पायांकडे ओढल्या जाणाऱ्या, मलेरिया पसरवणाऱ्या आफ्रिकन अॅनोफिलीस माद्या अशाच धुतलेल्या सालीच्या लिंबर्गर चीजकडेही तितक्याच आवडीने जातात, असं डच कीटकशास्त्रज्ञ बार्ट नॉल्स यांनी १९९६ साली दाखवून दिलं. त्याबद्दल २००६ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस मिळालं. लोक या संशोधनाला हसले, पण डासांच्या सापळ्यांत आमिष म्हणून चीज वापरून बघण्याची कल्पना त्यातूनच पुढे आली. मजा अशी की हा दुर्गंध बहुतेक सालीतच असतो. आतला गर चक्क सौम्य लागतो.

निळ्या चीजचा काप जवळून बघावा. स्टिचल्टन या इंग्रजी निळ्या चीजच्या कापात काही निळ्या रेषा सालीपासून आत सरळ गेलेल्या दिसतात. त्या सुयांच्या वाटा आहेत. पेनिसिलियम रॉकफोर्टी या बुरशीचे बीजाणू आधीपासून आत असतात, पण वाढायला त्यांना हवा लागते. म्हणून चीज सुयांनी टोचतात. बुरशी चरबी फोडते आणि त्यातून मिथिल कीटोन्सचा तो झणझणीत वास येतो. स्टिचल्टन कच्च्या दुधाचं असतं, आणि नियमानुसार 'स्टिल्टन' हे इंग्लंडच्या प्रसिद्ध निळ्या चीजचं नाव फक्त पाश्चरीकृत दुधाच्या चीजला मिळतं. त्यामुळे जुन्या पद्धतीने बनवणाऱ्यालाच नवं नाव शोधावं लागलं. याला काय म्हणावं?

मुरलेल्या चेडरमध्ये दाताखाली कधीकधी कचकच लागते. ती खडी नव्हे, तर कॅल्शियम लॅक्टेटचे किंवा टायरोसिनचे स्फटिक. प्रथिनं तुटत गेल्याने मोकळं झालेलं ग्लुटामेट जिभेवर रेंगाळतं. दुधातली साखर बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते आणि उरलेली जिवाणू फस्त करतात. म्हणून दूध न पचणाऱ्या अनेकांना जुनं चेडर पचतं.

आपल्या फ्रिजमधल्या प्रोसेस्ड क्यूबमध्ये असलं काही घडत नाही. चीज वितळवून, सोडियमचे क्षार मिसळून, तापवून त्यातले जिवाणू आणि एन्झाइम गप्प केलेले असतात. तो क्यूब सँडविचला बरा, पण सहा महिन्यांनीही त्याच्याकडे सांगण्यासारखं नवीन काही नसतं.

शाकाहारी असाल तर चाखण्याआधीच रेनेटबद्दल विचारून घ्या. पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून येतं. वासराचं जनुक सूक्ष्मजीवांत घालून बनवलेल्या कायमोसिनला अमेरिकेने १९९० मध्ये परवानगी दिली आणि आज ते सर्रास वापरलं जातं, पण अनेक जुन्या घराण्यांची चीजं, नियमाने बांधलेलं इटलीचं पार्मिजानो रेज्जानो तर हमखास, वासराच्याच रेनेटची असतात. आणि विकत घेतलंच, तर निळं चीज फ्रिजमध्ये वेगळ्या डब्यात ठेवा. रॉकफोर्टीला थंडी बाधत नाही. शेजारच्या चेडरवर ती बिनदिक्कत मुक्काम ठोकते.